लाल पायांचं बदक आणि नानांचा रुसवा

वाचकाचं पत्र

आदरणीय बाई,

माझे सासरे, नाना, चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचे वडील होळकरांच्या शिकारखान्यात कारकून होते, त्यामुळे नानांचं लहानपण बदकं, बंदुका आणि हाक्याच्या गोष्टी ऐकण्यात गेलं. स्वतः त्यांनी कधी बार काढला नाही. पण गेली चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी ते सिरपूरच्या तलावावर जातात.

माझा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटाला असतो. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो बदकांच्या शिकारीला जायला लागलाय, हे आम्हाला या खेपेलाच कळलं. डिसेंबरात आला तेव्हा नाना त्याला हौसेनं सिरपूरला घेऊन गेले. काठाला लाल पायांची बदकं होती. हा म्हणाला, "नाना, पाय लाल म्हणजे पक्कं उत्तरेचं, नुकतंच उतरलेलं. ही सायबेरियाची." नाना म्हणाले, "अरे, ही इथलीच, बारा महिने असतात. लाल पायाचं ते घरचं, राखी पायाचं ते पाहुणं." झालं. यानं फोन काढून तिथल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ दाखवले आणि म्हणाला, "नाना, हे सगळ्या जगाला माहीत आहे."

त्या दिवशी नाना पोहे न खाताच खोलीत गेले. नंतरचे तीन रविवार सिरपूरला गेलेले नाहीत. मुलगा म्हणतो, मी चुकीचं काय बोललो? त्याच्या बॅगेत शिट्टीच्या दोरीला अडकवलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या कड्या मला दिसल्या. मारलेल्या बदकांच्या पायांतल्या आहेत म्हणे. मला बघूनच कसंतरी झालं.

तो पुढच्या आठवड्यात परत जाणार. बाई, बरोबर कोण? आणि या दोघांना बोलतं कसं करू?

— दोघांच्या मध्ये सापडलेली, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर

ताई,

आधी निकाल सांगते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. त्या दिवशी काठाला जी बदकं होती त्यांच्याबाबत नाना बरोबर. पायांच्या नियमाबाबत दोघेही चूक, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे.

तुम्ही चोचीबद्दल काही लिहिलं नाहीत. बदक ओळखायचं तर आधी चोच बघावी, पाय नंतर. पण "बारा महिने असतात" असं नाना म्हणाले त्यावरून ते हळदी-कुंकू असणार असं मी धरते. काळी चोच, टोकाला हळद लावल्यासारखा पिवळा ठसा, आणि कपाळाशी, चोचीच्या मुळाला, कुंकवाचे दोन ठिपके. मराठीत पक्ष्यांना नावं देणाऱ्यांचं हे सगळ्यात सुरेख काम, असं माझं मत आहे. हिंदीत त्याला गुगराल म्हणतात, कदाचित नानाही तसंच म्हणत असतील. या बदकाचे पाय चांगले लालभडक, पोवळ्यासारखे. नराचे आणि मादीचेही. आणि ते आपल्याकडेच अंडी घालतं, पिल्लं वाढवतं. पाऊसपाण्याप्रमाणे या तळ्यावरून त्या तळ्यावर जाईल, पण हिमालय ओलांडायचा त्याला काही सोस नाही. तेव्हा तुमच्या मुलानं "सायबेरिया" म्हणून बोट दाखवलं ते नेमकं माळव्यातल्या घरच्या बदकाकडे.

आता नानांचा नियम. "राखी पायाचं ते पाहुणं" हे बऱ्याच अंशी जमतं. सींखपर, म्हणजे आपलं तलवार बदक, त्याचे पाय राखी. छोट्या बदकांच्या ज्या दोन-तीन जाती थंडीत थव्यांनी येतात त्यांचेही राखी. चाळीस वर्षं हीच बघितल्यावर माणूस नियम करणारच. पण तिदारी घ्या. ज्याला आपण थापट्या म्हणतो, फावड्यासारख्या चोचीचं. ते थेट उत्तरेतून येतं आणि त्याचे पाय चक्क नारिंगी. गडवालचे पाय पिवळट नारिंगी, तेही पाहुणंच. पट्टकादंब हंस तिबेटाकडून येतो, पाय नारिंगी-पिवळे. उलट्या बाजूनं बघा: अडई, जिला इकडे सिल्ही म्हणतात, ती शीळ घालणारी तपकिरी बदकं, त्यांचे पाय शिशासारखे काळपट राखी, आणि ती पक्की इथली. म्हणजे नानांचा नियम दोन्हीकडून फुटतो.

आणि चक्रवाक? सुरखाब म्हणा हवं तर. ज्यांच्या जोडीला रात्री नदीच्या दोन काठांवर एकमेकांपासून तोडून आपल्या कवींनी शेकडो वर्षं रडवलं, ते. (त्यांचा विरह खरा नाही, पण तो विषय आज नको.) उपग्रहाचं यंत्र पाठीवर बसवून त्यांचा पाठलाग झाला तेव्हा हिमालयावरून जाताना एक चक्रवाक 6,800 मीटरपर्यंत चढलेलं आढळलं. इतक्या उंचीवरून उत्तर-दक्षिण करणाऱ्या या पक्ष्याचे पाय कोळशासारखे काळे.

आता तुमच्या मुलाकडे वळते, कारण त्याचा नियम जास्त मजेदार आहे. तो त्यानं मनानं काढलेला नाही. अमेरिकेत नीलसर बदकाची, हिरव्या डोक्याच्या मॅलार्डची, शिकार करणाऱ्यांत ही समजूत फार जुनी आणि फार पक्की आहे. हंगामाच्या सुरुवातीला पडलेल्या बदकांचे पाय फिकट, मळकट नारिंगी असतात. ती "इथली". मग डिसेंबर लागतो, उत्तरेकडची तळी गोठतात, गार वारा सुटतो आणि एक दिवस लालबुंद पायांचे नर पडायला लागतात. शिकारी एकमेकांना सांगतात, कॅनडाचा माल उतरला. आता ज्यांनी हे हजारदा डोळ्यांनी बघितलंय त्यांना खोटं कसं म्हणायचं? बघितलं ते खरंच आहे. चुकलाय तो अर्थ.

रानबदकाच्या पायातला तांबडा-नारिंगी रंग कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांमुळे येतो. गाजराला, भोपळ्याला रंग देणारी तीच मंडळी. ती पक्ष्याच्या अंगात तयार होत नाहीत, खाण्यातून यावी लागतात. आणि ती पायांत किती उतरायची हे ठरवतात वय, लिंग आणि ऋतू. पहिल्या वर्षाच्या पोरसवदा बदकाचे पाय फिके. मादीचे नरापेक्षा फिके. पोक्त नराचे सगळ्यात भडक, आणि तेही वर्षभर सारखे नाहीत. नीलसर बदकांच्या जोड्या थंडीतच जुळायला लागतात, वसंताची वाट बघत नाहीत. त्यामुळे शरदापासून पुढे जसजसे अंगातले स्राव जोर धरतात तसतसा पायांना रंग चढतो. थोडक्यात, ऑक्टोबरात मळक्या पायांनी फिरणारा नर त्याच तळ्यावर, कुठेही न जाता, जानेवारीत लाल पायांचा नवरदेव होतो.

त्यात आणखी एक भर. पिल्लांपेक्षा पोक्त नर थंडी जास्त सोसतात आणि पाणी गोठेपर्यंत वर उत्तरेत तग धरून राहतात. म्हणजे उशिरा येणाऱ्या थव्यांत लाल पायवाले जास्त असणं साहजिकच आहे. ते लाल आहेत ते वयानं आणि महिन्यानं, गावानं नव्हे. पण शिकाऱ्याला दिसतं ते असं: वारा उत्तरेचा, बदक नवं, पाय लाल. तिन्ही गोष्टी एका दिवशी हातात आल्या की माणूस त्यांची एकच गाठ मारतो. त्याच दिवशी फिकट पायांची एक मादीही पडलेली असते, ती पिशवीत मुकाट्यानं जाते. तिची गोष्ट कोणी सांगत नाही.

यात फक्त शिकारीच फसले असं समजू नका. 1902 साली विल्यम ब्रूस्टर या अमेरिकेतल्या नामांकित पक्षितज्ज्ञानं तिथल्या काळ्या रानबदकांचे दोन गट पाडले. एक लाल पायांचं, उत्तरेचं; दुसरं मळकट पायांचं, दक्षिणेचं. लाल पायवाल्याला त्यानं नाव दिलं रुब्रिपेस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच "लाल पायांचं". म्हणजे शिकाऱ्यांची समजूत थेट शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसली. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी पक्ष्यांचं वय आणि महिना लावून पाहिलं, तेव्हा कळलं की दोन गट नाहीतच. एकच बदक तरुणपणी मळक्या पायांचं आणि मोठेपणी लाल पायांचं. 1940 च्या दशकात ही गोष्ट मिटली. पण नामकरणाचे नियम असे की जुनं नाव सहसा पुसता येत नाही. त्यामुळे त्या सगळ्या जातीचं शास्त्रीय नाव आजही ॲनास रुब्रिपेस, पाय लाल असोत वा नसोत. आपल्याकडे नाही का, घर विकलं, वाडा पाडला, तिथे चार मजली इमारत उभी राहिली, तरी पत्ता सांगताना "अमक्यांचा वाडा" असंच म्हणतात!

मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. या ब्रूस्टरची गोष्ट मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात सांगायची. एवढ्या मोठ्या माणसाची चूक ऐकून मुलं खूश व्हायची आणि मग वर्षभर मला माझ्या चुका दाखवायची. तो त्रास पत्करण्यासारखा होता.

तर दोघांची चूक एक म्हणाले ती ही. नानांनी एका तळ्याचा नियम सगळ्या बदकांना लावला, मुलानं एका बदकाचा नियम सगळ्या तळ्यांना लावला. पायाचा रंग बदकाची जात सांगेल, थोडंफार वय सांगेल, ऋतू सांगेल. गाव सांगणार नाही.

गाव सांगणारी वस्तू पायातच असते, पण ती वेगळी. तुम्हाला जी बघून कसंतरी झालं ना, तीच ती कडी. मला तुमच्या पत्रातली ती ओळ वाचून उलट बरं वाटलं, कारण तुमच्या भांडणाचा उतारा तुमच्याच मुलाच्या बॅगेत आहे.

डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं 1899 साली साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पायात नंबर घातलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या अडकवल्या, तिथून हे सुरू झालं. लहान बाळाच्या पायात वाळे असतात तसे समजा, फक्त घुंगरांच्या जागी नंबर आणि कळवायचा पत्ता. पक्षी पुढे कुठेही पकडला गेला, मेलेला सापडला, मारला गेला, की नंबरावरून कळतं हा कुठून निघाला होता.

आणि भारतात ही सुरुवात कुठे झाली हे नानांना विचारा. माहीत असेल तर उत्तम, नसेल तर तुमच्या मुलानं सांगावं, फोन न काढता. 1926 साली, धारला! इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. पवारांच्या धार संस्थानात, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं. ज्या काळात बाकीचे संस्थानिक एका दिवसात किती पाडले याचे आकडे मिरवत होते त्या काळात एका मराठी राजाच्या राज्यात बदकांना पकडून, पायात कडी घालून सोडून देत होते. मला याचा भारी अभिमान आहे. 1938 च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात भरतपूरला एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तिथल्या दगडी फलकावर तो आकडा आजही कोरलेला आहे. त्याच भरतपूरच्या पाणथळीत 1960 च्या दशकात सोसायटीची माणसं बदकांना कड्या घालत होती, आणि त्यातली काही पुढे सोव्हिएत रशियात मिळाली. सायबेरियाचं नातं असं सिद्ध झालं.

आता काय करायचं ते.

मुलाला त्या कड्यांवरचे नंबर अमेरिकेतल्या पक्षी-कडी प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर टाकायला सांगा. मेरीलँडमध्ये ही सरकारी प्रयोगशाळा आहे. त्यानं आधीच कळवलं असेल तर त्याच्याकडे प्रमाणपत्रही असेल, कारण तिथले शिकारी ते जपून ठेवतात. त्यावर लिहिलेलं असतं: कोणतं बदक, नर की मादी, अंदाजे वय काय, कुठे आणि कधी कडी घातली. तिथे बहुतेक बदकांना कड्या उन्हाळ्याच्या शेवटी, थवे निघण्याआधी घालतात, म्हणून ती जागा पक्ष्याच्या उन्हाळी घराच्या आसपासचीच असते. आणि शिकारी मंडळी बदक हातात धरून फोटो काढल्याशिवाय राहत नाहीत, तेव्हा पायांचा फोटोही फोनमध्ये असणारच. फोटो आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवायचं. लाल पायवालं कॅनडातून आलेलं निघेल, किंवा मिनेसोटातच शेजारच्या तळ्यावर जन्मलेलं निघेल. काय निघेल ते मलाही बघायचंय, कृपा करून कळवा. हे त्यानं एकट्यानं करू नये. नानांच्या खोलीत, नानांच्या पलंगावर बसून करावं, नंबर नानांनी वाचून दाखवावा. बारीक असतो, भिंग लागेल.

माफी मागायला लावू नका. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसासमोर नातवाला "सॉरी म्हण" करून उभं केलं की दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. चूक माहितीची नव्हतीच, "सगळ्या जगाला माहीत आहे" या चार शब्दांची होती. चाळीस वर्षांचे रविवार त्या जगात धरलेच नाहीत त्यानं. त्यापेक्षा त्यानं नानांना एकच प्रश्न विचारावा: "यातली मे महिन्यात कोणती दिसतात?" याचं उत्तर मिनेसोटातल्या कुठल्याही व्हिडिओत नाही. मे महिन्याच्या उन्हात सिरपूरच्या काठाला जाऊन उभा राहणारा माणूस तुमच्या घरात एकच आहे. तिथे राहिलेली ती घरची, नसलेली ती पाहुणी. पायांचा रंग कुठलाही असो.

शिकारीचं म्हणाल तर, मला स्वतःला ती बघवत नाही. पण तुमचा मुलगा कायदा मोडत नाही, हे लक्षात घ्या. तिथे परवाना लागतो, दिवसाला सहा बदकांची मर्यादा आहे, आणि प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला दर वर्षी 25 डॉलरचं बदकाचं तिकीट विकत घ्यावं लागतं. 1934 पासून चालत आलेल्या या तिकिटाच्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. इथे मात्र 1972 च्या कायद्यानं शिकारीला लगाम बसला आणि 1991 नंतर परवान्याची वाटही बंद झाली, तेव्हा इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावावर गेल्यावर त्यानं हौसेनंसुद्धा तसला विषय काढू नये. त्याच्याशी या बाबतीत बोलायचं असेल तर वेगळं बसून, आईच्या नात्यानं बोला. बदकांच्या पायांच्या भांडणात ते मिसळू नका. आणि नानांसमोर तर नकोच. तुमच्या घरात शिकारखान्याचा पगार एक पिढी येत होता, हे ते लगेच काढतील.

एक शंका राहते. नानांनी वही ठेवली आहे का? चाळीस वर्षं नेमानं जाणारी माणसं बहुतेक वेळा काहीतरी टिपून ठेवतात, निदान जुन्या कॅलेंडरच्या चौकोनात. "सींखपर आले", "आज पाणी कमी". असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. सिरपूर आणि यशवंतसागर, दोन्ही 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, पण यादीत जाण्याआधीच्या दशकांत तिथे कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात येत होता हे लिहून ठेवणारे हात थोडेच होते. तुमच्या मुलानं त्या पानांचे फोटो काढून न्यावेत आणि तिथल्या लांबलचक संध्याकाळी बसून एकेक नोंद ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर भरावी. नानांचं अक्षर त्याला लागणार नाही. मग तो फोन करून विचारेल, "नाना, हे 12 डिसेंबरला काय लिहिलंय?" आणि नाना चिडून सांगतील.

रविवारी त्याला गाडी काढायला सांगा, नानांना नुसतं "निघायचं का?" एवढंच विचारू द्या. थर्मासात चहा द्या. पोहे परत आल्यावर करा; आधी खात बसलात तर उजाडून जातं आणि काठाची बदकं आत सरकतात.

— बाई